यादीतला चौथा

हेल्वी म्हणाली, बूट काढले नाहीत तरी चालेल.
मी काढले.
सारेमा बेटावर घरांची जमीन लाकडाची असते
आणि माझ्या बुटांना फेरीबोटीचं मीठ लागलं होतं.

चुनखडीच्या दगडाचं घर. भिंत मोजली:
चौऱ्याऐंशी सेंटिमीटर.
वायफाय इथे काय करणार बिचारं?
स्वयंपाकघरात पूर्ण, जिन्यात निम्मं,
वरच्या खोलीत, जिथे नात सुट्टीत अभ्यासाला येते,
नुसता एक गोल फिरत राहतो.

म्हणून तार.
धुराड्याच्या बंद पोकळीतून वर ओढली,
चाळीस वर्षांची काजळी माझ्या बाहीत उतरली.
मग दिव्याखाली बसून टोकं सोलली:
पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा,
पांढरा-तपकिरी, तपकिरी.
शिकाऊ होतो तेव्हा
पाढे घोकावेत तसं हे घोकलं होतं.
एक धागा इकडचा तिकडे झाला
की दिवा लागत नाही.
माणसांचंही तसंच, वगैरे
म्हणायची मला सवय नाही.

घर अर्धंच तिचं.
उरलेलं भावाचं, एंडेलचं.
वाटणीत मधलं दार दगडांनी बुजवलं,
दगडांवर चुना, चुन्यापुढे कपाट.
"अकरा वर्षं," ती म्हणाली.
"त्याच्या चुलीचा धूर दिसतो. म्हणजे आहे."
भिंतींना कान असतात म्हणतात.
ही ठार बहिरी होती.

जुना राउटर काढण्याआधी
मी जोडलेल्यांची यादी उघडली, नेहमीसारखी.
तिचा फोन. टीव्ही. नातीचा लॅपटॉप, बंद.
आणि चौथा,
बिननावाचा एक फोन,
तुटत-जुळत, जेमतेम एक रेघ,
रोज रात्री आठ ते नऊ.

"कुणीतरी तुमचं वायफाय वापरतंय,"
सांगणं माझं काम होतं.
"नव्यावर पासवर्ड बदलून टाकू."

बटाटे सोलणं तिनं थांबवलं नाही.
"आत्ताचा काय आहे, वाच."
वाचला: मुस्तिक१९६१.
"आमची गाय.
तिला विकलं त्या दिवशी आम्ही दोघं
गोठ्याच्या माळ्यावर लपून बसलो होतो, गवतात,
जेवायलाही उतरलो नाही.
हे नाव आता जगात
दोनच माणसांना ठाऊक आहे."
सुरी थांबली.
"तीन. तू धरून."

तेवढी एक रेघ मिळायला
त्याला कुठे बसावं लागत असेल,
मी मनातल्या मनात मोजलं.
बुजवलेल्या दाराशी, खुर्ची भिंतीला टेकवून,
फोन गालाच्या उंचीवर धरून.

नवा राउटर जिन्यापाशी लावायचा होता.
कागदावर तसंच काढलं होतं, तेच बरोबर होतं.
"कपाटात मावेल?" तिनं विचारलं.
"मावेल. पण तिथून तुमच्याकडे कमी..."
"नातीला तार दिलीस ना?"
"दिली."
"मग मला मेलीला किती लागतंय!"

हिवाळी कोट बाजूला सारले.
मागच्या चुन्यात चौकटीची रेघ
अजून पुसट दिसत होती.
तिथेच चार स्क्रू.
नाव जुनंच ठेवलं. गायही.

काम साडेसातला संपलं होतं.
मी उगाच रेंगाळलो, तारेच्या पट्ट्या पुन्हा आवळल्या,
उरलेले तुकडे पिशवीत एकेक करून भरले.
आठला यादीत तो आला.
सगळ्या रेघा भरलेल्या.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला
किंवा मला वाटलं.
चौऱ्याऐंशी सेंटिमीटरमधून काही ऐकू येत नाही.

पैसे तिनं रोख दिले,
वर काकडीच्या लोणच्याची बरणी.
तळघरातून तिनं दोन आणल्या होत्या.
दुसरी टेबलावर तशीच होती
मी बूट घालत होतो तेव्हा,
आणि ती शाल शोधत होती.